आखाजीला न फिटणारी बाकी

खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईची गाणी रंगतात, घरोघरी घागर भरली जाते. पण याच अक्षय तृतीयेला शेतमालकाच्या ओट्यावर आणखी एक व्यवहार होई. सालदाराचं जुनं साल संपे आणि नवं साल धरलं जाई. आखाजी ते आखाजी, बारा महिन्यांचा करार. लेखी नव्हे, तोंडी. लेखी असायची ती फक्त मालकाची वही, आणि ती सालदाराला वाचता येत नसे.

हा हिशेब कसा चाले ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, साल ठरलं सहाशे रुपयांना. भावाच्या लग्नासाठी सालदाराने आखाजीलाच चारशे रुपये उचल घेतली. आषाढात घरातलं धान्य संपलं, म्हणून मालकाकडून शंभर रुपयांची ज्वारी आणली. ती दिढीने फेडायची, म्हणजे दीडशे. भाद्रपदात तापाने वीस दिवस अंथरूण धरलं. त्याची स्वतःची रोजी हिशेबाने पावणेदोन रुपयेसुद्धा पडत नव्हती, पण खाड्याचे पैसे कापायचे ते बाहेरच्या मजुराच्या दराने, रोजचे तीन. झाले साठ. बैलाचा पाय दुखावला, त्याचे चाळीस त्याच्याच नावावर. बेरीज साडेसहाशे. वर्षभर पहाटे शेणगोठ्यापासून रात्री पाण्याच्या बाऱ्या धरण्यापर्यंत राबून पुढच्या आखाजीला सालदार मालकाचाच पन्नास रुपयांचा देणेकरी निघे. मग साल सोडणार कसं? बाकी फिटल्याशिवाय दुसऱ्याकडे जायची सोय नाही, आणि नव्या सालाला पुन्हा उचल हवीच.

शिवाय बायको मालकाच्या घरचं झाडलोट-शेण करी ते फुकटात, पोरगा गुरामागे जाई तो पोटावारी. एक साल धरलं की सगळं घर धरलं जाई.

प्रत्येक सालदार असा गुलाम होता असं म्हणणं मात्र खरं होणार नाही. खानदेशात सालदार आणि मालक यांच्यात घरोबा असलेली कुटुंबंही पुष्कळ. सालदाराच्या पोरीचं लग्न मालकाने लावून दिल्याच्या गोष्टी आजही गावोगाव ऐकायला मिळतात. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोद्याच्या काळ्या, कसदार पट्ट्यात, ज्या भिल्लाची जमीनच सावकाराच्या घशात गेली होती, त्याच्यासाठी सालदारकी ही नोकरी उरली नव्हती. ज्या शेताचा त्याचा आजा मालक होता, त्याच शेतात तो कर्जापोटी राबत होता.

गुलामगिरीतून सुटका म्हटलं की जगभर एक चित्र डोळ्यांपुढे येतं ते अमेरिकेचं. दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यातून निसटलेला काळा माणूस, ध्रुवताऱ्याच्या रोखाने रात्रीची वाटचाल, आणि वाटेत दार उघडणारी अनोळखी घरं. या घरांच्या गुप्त साखळीला ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणत. रूळ नाहीत, इंजिन नाही, पण वाटाडे ‘कंडक्टर’ आणि आसऱ्याची घरं ‘स्टेशन’. हॅरिएट टबमन ही स्वतः मेरीलँडमधून १८४९ साली पळाली आणि सुरक्षित झाल्यावर घरी बसण्याऐवजी सुमारे तेरा वेळा परत गेली. सत्तरच्या आसपास माणसं तिने सोडवून आणली. १८५० च्या कायद्याने पळालेल्याला आसरा देणाऱ्याला हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद ठरवली होती. डेलावेअरमधला लोखंडाचा व्यापारी थॉमस गॅरेट याला तर त्याआधीच, १८४८ मध्ये, अशाच मदतीपायी कोर्टाने जबर दंड ठोठावला होता. त्यानंतरही त्याने आपलं दार लावून घेतलं नाही.

ही माणसं महाराष्ट्राला परकी नव्हती. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं तेव्हा ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून केलेली ही अर्पणपत्रिका त्या काळी किती जणांना उमगली असेल कोण जाणे. पण इथला शूद्रातिशूद्र आणि तिथला गुलाम यांना एका ओळीत बसवण्याची बुद्धी त्यांना झाली, हे महत्त्वाचं.

कागदावर तेव्हा हिंदुस्थानात गुलामगिरी उरलेलीच नव्हती. पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री राजरोस चाले. १८४३ च्या कायद्याने कोर्टांनी असा मालकी हक्क मानायचं बंद केलं आणि पुढे १८६० च्या दंडसंहितेने माणूस विकणं-विकत घेणं हा गुन्हा ठरवला. माणूस विकता येईना. पण कर्ज देता येत होतं, आणि कर्जापोटी माणूस बांधून ठेवता येत होता. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये लग्नाच्या खर्चासाठी पैसे उचलून श्रम गहाण टाकण्याच्या रिवाजाची नोंद सापडते, तीही अगदी नेहमीची गोष्ट सांगावी तशी.

अमेरिकेतल्या गुलामाला निदान पळायला दिशा होती. राज्याची हद्द ओलांडली, कॅनडा गाठला, की मालकाचा हात पोचत नसे. शहाद्याच्या सालदाराने पळून जायचं कुठे? तापी ओलांडून शिंदखेड्याला गेला तरी तिथेही तोच व्यवहार. सातपुड्यात वर चढला तर पोटाला काय? त्याची झोपडी मालकाच्या जागेत, त्याचं धान्य मालकाच्या कणगीत, त्याचं नाव मालकाच्या वहीत. इथे सुटका करायची तर ती त्याच गावात, त्याच मालकाच्या डोळ्यांदेखत करावी लागणार होती. म्हणून खानदेशात मदतीला धावलेल्या माणसांचं काम हॅरिएटच्या कामाहून निराळं ठरलं. त्यांना कुणाला रात्री काढून न्यायचं नव्हतं. त्यांना येऊन राहायचं होतं, आणि जे आधीपासून तिथेच राहत होते त्यांना तिथेच उभं ठाकायचं होतं.

यातला पहिला माणूस भगत होता. तळोद्याजवळच्या मोरवड-रंजनपूरचे गुला महाराज. १९३८ च्या सुमारास त्यांच्या सोमवारच्या आरतीला सातपुड्यातून आदिवासींचे लोंढे येऊ लागले. दारू सोडा, रोज आंघोळ करा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, एवढाच उपदेश. भेटल्यावर अभिवादन ‘आप की जय’. यात बंड कुठे आहे, असं वाटेल. पण दारूचं दुकान आणि सावकाराची वही यांचं नातं ज्याला ठाऊक आहे त्याला ते लगेच दिसेल. दारू सुटली की उचल कमी होते, आणि उचल कमी झाली की साल सोडता येतं. गुला महाराज त्याच वर्षी वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवलं आणि सरकारने त्यांना जिल्ह्यातून हद्दपार केलं. देवाची आरती करणाऱ्या माणसाची धास्ती कुणाला आणि कशासाठी वाटावी, हे इथे वेगळं सांगायला नको.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यातल्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याकडून आदिवासींच्या स्थितीचा अहवाल करवून घेतला. पश्चिम खानदेशातले भिल्ल आणि ठाण्यातले वारली यांची सावकारांनी आणि जमीनदारांनी काय गत केली आहे, ते त्याने सरकारी भाषेच्या मानाने पुष्कळच स्पष्ट लिहिलं. अहवाल छापला गेला. सालदाराची बाकी मात्र तशीच राहिली.

ठाण्याकडची गोष्ट खानदेशाच्या आधी पेटली, म्हणून तिचा उल्लेख करणं भाग आहे. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांमध्ये लग्नगडी नावाचा प्रकार होता. लग्नापुरतं कर्ज काढलेला वारली आणि त्याची नवी नवरी, दोघंही सावकाराचे बांधील. पुढे त्यांची मुलंही. वकिलीचं शिक्षण घेतलेल्या, भारत सेवक समाजात काम केलेल्या गोदावरी परुळेकर आणि त्यांचे पती शामराव हे दोघं तिथे किसान सभेच्या कामाला लागले. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यात झरीला वारल्यांची. वेठ करायची नाही आणि लग्नगडी मुक्त, असा ठराव. मग लाल बावटा घेतलेले वारल्यांचे जथे गावोगाव गेले आणि जमीनदारांच्या वाड्यांतून लग्नगड्यांना बाहेर काढून घेऊन आले. कर्जफेड नाही, खटला नाही. नुसतं दारात जाऊन ‘चल’ म्हणणं. काही आठवड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज मोडला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवलं आणि त्या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

खानदेशात अशी जाग यायला आणखी पंचवीस वर्षं गेली.

शहादा तालुक्यातल्या पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातले, थोडंफार शिकलेले, भजनात रमणारे. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणू लागले. गुला महाराजांची परंपरा त्यांच्या कानावरून गेलेली होती, आणि सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांशी त्यांचा संबंध आला होता. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी भिल्ल आदिवासी सेवा मंडळ उभं केलं. त्यांची पद्धत सोपी होती. रात्री एखाद्या वस्तीवर भजन ठेवायचं. भजनाला कुणी आडकाठी करत नाही, मालकही नाही. टाळ-मृदंग थांबले की बोलणं सुरू. कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली, किती रुपयांपायी गेली, कुणाच्या बायकोला कुणी हात लावला, कुणाचा खाडा किती कापला. भजन संपायला पहाट होई.

अशा भजनाची किंमत काय असू शकते हे बाहेरून कळत नाही. अंबरसिंगांना सभा संपल्यावर मुंबई-पुण्याची गाडी पकडायची नव्हती. ते त्याच गावच्या रस्त्याने सकाळी चालणार होते. भजनाला बसलेल्या सालदाराला तर काही तासांतच त्याच मालकाच्या गोठ्यात हजर व्हायचं होतं, आणि मालकाला खबर आधीच लागलेली असे. झोपडी मोडणं, धान्य बंद करणं, पोलिसांत चोरीचा आळ देणं, ही हत्यारं नेहमीचीच. कणसं चोरली, एवढी फिर्याद पुरे.

१९७० पासून पाऊस दगा देऊ लागला होता. उपासमार वाढली, धान्याच्या कोठारांभोवती ताण वाढला. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडीचं प्रकरण घडलं. आदिवासींवर हल्ला झाला, गोळी चालली, जीव गेला. शहाद्याचं नाव त्यानंतर महाराष्ट्रभरच्या वर्तमानपत्रांत आलं. सर्वोदय मंडळाचे गोविंदराव शिंदे आणि इतर कार्यकर्ते तिथे पोचले, ग्रामस्वराज्य समिती स्थापन झाली, आणि ३० जानेवारी १९७२ रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. हजारो भिल्ल, पावरा स्त्री-पुरुष पायी चालत आले. मागणी एकच होती: लुबाडलेली जमीन परत द्या.

या मेळाव्याच्या आगेमागे शहरांतली पोरं शहाद्यात येऊन राहू लागली. कुमार शिराळकर आयआयटीतून बाहेर पडलेले अभियंता. दीनानाथ मनोहर लष्करातला अनुभव गाठीशी असलेले, पुढे ‘रोबो’ ही कादंबरी लिहिणारे. विजय कान्हेरे आणि आणखी काही. त्या काळी बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमछावणीने अनेक तरुणांना घराबाहेर काढलं होतं. मागोवा गटासारख्या ठिकाणी मार्क्स वाचणारेही होते. या मुलांनी वस्तीवरच मुक्काम केला, ज्वारीची भाकर खाल्ली, आणि सगळ्यांत आधी एक कामाची गोष्ट केली: सालदाराच्या बाजूने हिशेब लिहायला सुरुवात केली. मालकाच्या वहीसमोर दुसरी वही आली. १९७२ मध्येच श्रमिक संघटना स्थापन झाली. तिच्या मागण्या ऐकायला साध्या होत्या. सालाचा दर वाढवा, खाड्याची मनमानी बंद करा, सुटी द्या, मजुराला ठरलेली मजुरी द्या. गावोगाव तरुण मंडळं निघाली आणि एका सालदारावर हात उगारला गेला तर चार गावं गोळा होऊ लागली.

पण निव्वळ संघटनेने साल सुटत नव्हतं. सालदार मालकाकडून उठला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलीचं काय, हा प्रश्न भाषणांनी मिटत नाही. त्याचं उत्तर दुष्काळाने दिलं, हे ऐकायला विचित्र वाटेल. १९७२ च्या दुष्काळात सरकारने राज्यभर खडी फोडण्याची, बंडिंगची, पाझर तलावांची कामं काढली. तिथे आठवड्याचा पगार होता, आणि हजेरीपटावर मजुराचं स्वतःचं नाव होतं. त्या कामांवर मजुरी दुबळीच होती, पैसे उशिरा मिळत, हजेऱ्यांत घोळ होत. संघटनेचे अनेक मोर्चे त्यासाठीच निघाले. तरीही बाकी असलेल्या सालदाराला आयुष्यात पहिल्यांदा मालकाच्या गोठ्याबाहेर पोट भरण्याची एक जागा दिसली. मालकाच्या दृष्टीने खडीचा ढीग म्हणजे चोरवाटच होती. म्हणूनच अशी कामं तालुक्यात निघू नयेत, निघालीच तर सुगीत बंद व्हावीत, असा बड्या बागायतदारांचा आटापिटा असे. पुढे याच कामांतून रोजगार हमी योजनेचा कायदा आकाराला आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. रोजगार हमीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं; पण ती सालदाराच्या सुटकेचं साधन होती, ही गोष्ट क्वचितच कुणी मांडतं.

बायकांनी आपली लढाई जवळजवळ स्वतंत्रच उघडली. दारूच्या गुत्त्यांवर चालून जायचं आणि मडकी फोडायची. एका गावच्या बायकांनी सुरुवात केली की शेजारच्या गावच्या येत. मग त्या नवऱ्याच्या मारहाणीविरुद्धही एकत्र उभ्या राहिल्या. मारकुट्या नवऱ्याला चावडीवर बोलावून जाब विचारला जाई. भुरीबाईसारख्या कार्यकर्त्या याच लाटेतून पुढे आल्या. शहरातल्या स्त्रीमुक्तीच्या चर्चा अजून सभागृहांत होत होत्या तेव्हा शहाद्याच्या वस्त्यांवर स्त्रियांची शिबिरं भरत होती, आणि त्यांत बोलणाऱ्या बायका दिवसभर निंदणी करून आलेल्या असत.

विरोधही तितकाच कडक होता. पीक संरक्षण सोसायट्यांच्या नावाखाली रखवालदारांची पथकं उभी राहिली, आणि पिकांपेक्षा त्यांचं लक्ष मजुरांच्या वस्त्यांवर अधिक असे. कार्यकर्त्यांना मारहाण झाली, खटल्यांवर खटले भरले गेले. बाहेरून आलेल्या मुलांच्या मागे निदान पुण्या-मुंबईतले मित्र, वर्तमानपत्रं, वकील उभे राहत. भिल्ल कार्यकर्त्याच्या मागे त्याची वस्ती आणि अंबरसिंग. १९७४ मध्ये अंबरसिंग महाराज आजारपणात वारले. चळवळ उभी करणारा माणूस ऐन भरात गेला.

वाहरू सोनवणे हे या चळवळीतले भिल्ल कार्यकर्ते आणि कवी. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह. त्यांची ‘स्टेज’ ही कविता महाराष्ट्रभर गाजली, ती अस्वस्थ करणारी असल्यामुळे. आदिवासींचं दुःख आदिवासींनाच समजावून सांगणारे लोक मंचावर, आणि ज्यांचं दुःख ते खाली, असा तिचा सूर. ही टीका चळवळीच्या शत्रूंवर नव्हे, मित्रांवर होती. आणि ती रास्त होती. शहाद्याची हकिगत सांगताना आजही शिराळकर-मनोहरांची नावं पटकन येतात, कारण ती लिहिणाऱ्यांच्या ओळखीची असतात. बाकी असताना साल सोडून पहिल्यांदा उठलेल्या सालदाराचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. धोका त्याने सर्वांत मोठा पत्करला होता. अर्थात, बाहेरून आलेल्यांनीही पाय मागे घेतला नाही. शिराळकर आयुष्यभर आदिवासी आणि शेतमजुरांत राहिले आणि २ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांचं निधन झालं.

सरकारी पातळीवर या धगीचे परिणाम दिसू लागले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींचे व्यवहार तपासून त्या मूळ मालकाला देण्याची तरतूद त्यात झाली. तो एकट्या शहाद्यामुळे आला असं कुणी म्हणणार नाही, पण शहाद्याशिवाय आला असता का, हाही प्रश्नच. त्यानंतर देशपातळीवर ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा झाला. आणीबाणीच्या वीस कलमी कार्यक्रमातली ही एक बाब होती. अनेकांना तुरुंगात टाकणाऱ्या राजवटीने बांधलेल्या मजुराला मोकळं करणारा कायदाही केला, असं इतिहासाचं तिरपागडं असतं.

हा कायदा मुळातून वाचण्यासारखा आहे, कारण तो करणाऱ्याला सालदाराची वही नीट ठाऊक असावी. कायदा लागू होताच कर्जापोटीची सगळी बांधिलकी संपली आणि कर्जही बुडालं. ते वसूल करण्याचा हक्कच उरला नाही. मुक्त झालेल्याला राहत्या झोपडीतून काढता येणार नाही, असं वेगळं कलम घातलं, कारण झोपडी मालकाच्या जागेत असते. वेठबिगारीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी मजुरावर नाही, मालकावर टाकली. अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्याची, आणि जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समित्या. पुढे १९८३ च्या अखेरीस बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मजुराला जबरीने राबवलं जातंय असं दिसलं की त्यामागे उचल आहे असंच धरून चालायचं; तसं नसेल तर मालकाने दाखवावं.

कायदा असणं आणि तहसीलदाराने तो उघडणं यांत अंतर किती, हे वसईच्या विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी अनुभवलं. १९८२ मध्ये त्यांनी श्रमजीवी संघटना काढली, ती दहिसर नावाच्या एका खेड्यातल्या बांधलेल्या आदिवासी मजुरांच्या सुटकेच्या खटपटीतून. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर, कायदा होऊन सहा वर्षं झाल्यावर. हल्ले झाले, तुरुंगवाऱ्या झाल्या. १९९९ चा अँटी-स्लेव्हरी पुरस्कार या दांपत्याला मिळाला. तो देणारी लंडनची संस्था १८३९ सालची, जगभरच्या गुलामगिरीविरुद्ध लढण्यासाठी जन्मलेली. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचं वर्तुळ असं उलट बाजूने पुरं झालं म्हणायचं. तरी २०२२ च्या सप्टेंबरात इगतपुरीजवळच्या उभाडे गावची कातकरी मुलं मेंढपाळांकडे बांधून दिल्याचं उघड झालं, आणि मोबदला होता थोडे पैसे नि एखादं मेंढरू. एका चिमुरडीचा जीव गेल्यावर ते उजेडात आलं.

खानदेशातला सालदार आज पार बदललेला आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात असो की शहाद्याच्या बागायतीत, आखाजी जवळ आली की मालकच सालदाराच्या शोधात फिरतो आणि ‘सालदार मिळत नाही’ ही तक्रार वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येते. सालदार घासाघीस करतो, मोबाइलवरून चार मालकांचे दर विचारतो. त्याला हे बळ काही अंशी ट्रॅक्टर-ठिबकच्या बदलांनी दिलं, काही अंशी कारखान्यांनी आणि शहरांनी. पण सत्तरच्या दशकातल्या त्या दुसऱ्या वहीचाही त्यात वाटा आहे.

उचल मात्र गेली नाही. ती कोयत्याकडे गेली.

दिवाळीच्या सुमारास नंदुरबार, धुळे, जळगावच्या अनेक तालुक्यांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, पण ट्रक जातात त्याच जुन्या वाटांनी, बरेचसे नवापूरवरून दक्षिण गुजरातेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांवर सत्तरच्या दशकातच अभ्यास केला आणि त्यातले तोडकरी मोठ्या संख्येने खानदेशी होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादम उचल देतो. हंगामभर ती तोडीतून वळती होते. हंगाम संपेपर्यंत टोळी सोडता येत नाही. सोडली तर मुकादम घरी येतो, कारण कारखान्याकडून पैसे त्याने घेतलेले असतात आणि त्याच्यावरही वसुलीचा बडगा असतो. मालकाच्या जागी मुकादम आला आणि मुकादमाच्या मागे कारखाना लपला. मालक कोण हेच आता मजुराला सांगता येत नाही. अहमदाबादचे वकील गिरीश पटेल यांच्या लोक अधिकार संघाने या तोडकऱ्यांच्या किमान वेतनाचा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयापर्यंत नेला, तेव्हा कारखान्यांचा बचाव हाच होता की मजूर आमचे नव्हेत.

अशा मजुराला सोडवायचं तर आज काय करावं लागतं? ज्या जिल्ह्यात तो राबतो आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा प्रांताकडे तक्रार, जागेवर पंचनामा, मजुराचा जबाब, आणि मग मुक्तीचा दाखला. हा दाखला म्हणजे सगळ्याची किल्ली. तो मिळाला तर उचल कायद्याने बुडते आणि पुनर्वसनाची रक्कम मिळते. २०१६ च्या केंद्रीय योजनेत ती प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, आणि अत्यंत हलाखीच्या प्रकरणांत तीन लाख ठरवली आहे. पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा झाल्याशी जोडलेली असल्याने ती हाती पडायला वर्षं जातात. अधिकारी दाखला द्यायला कचरतात, कारण दाखला दिला की आपल्या हद्दीत वेठबिगारी होती हे लेखी कबूल करणं आलं. त्याऐवजी ‘मजुरीचा वाद’ म्हणून हिशेब मिटवून टोळीला बसने गावी रवाना करणं सोपं जातं. मजूर घरी पोचतो, बाकीही त्याच्याबरोबर पोचते, आणि पुढच्या पावसाळ्यात मुकादम तीच बाकी मागायला दारात येतो.

म्हणून या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते ट्रक निघण्याच्या आधीच वस्त्यांवर जातात. किती उचल घेतली, कुणाकडून, कुठल्या कारखान्यासाठी, टनाला काय दर सांगितला, हे ते कोयत्यागणिक लिहून घेतात, त्यावर मुकादमाची सही मिळते का पाहतात, आणि त्याची एक प्रत मजुराच्या हाती ठेवतात.